बिनखिडकीचे वडनेरकर

फोटो विभागाचा माणूस फोटो बघत नाही, असं सांगितलं तर कोणीही मला खोटारडी म्हणेल. पण आमच्या कार्यालयात असा माणूस होता, आणि त्याला त्याचा गर्व होता. मधुकर वडनेरकर त्यांचं नाव. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर आवक-जावक सांभाळायची, त्यामुळे त्यांचं शहाणपण मला रोज फुकट ऐकावं लागायचं.

छत्तीसगड वेगळं झालं आणि आमचं रायपूर राजधानी झालं. राजधानी झालं म्हणजे काय, तर भोपाळला जे नको होतं ते वाटणीत आमच्याकडे आलं. डगमगत्या खुर्च्या आल्या, अर्धवट फायली आल्या, धापा टाकणारे कॉम्प्युटर आले आणि त्यांच्यासोबत वडनेरकर आले. मूळचे वर्ध्याकडचे, पण नोकरी सगळी भोपाळात झालेली. बदली सरकारने केली आणि राग त्यांनी गावावर धरला. तेलीबांध्याला तळ्यासमोर घर भाड्याने घेतलं आणि संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून तळ्याकडे पाठ करून बसायचे. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "बाई, तलाव भोपाळात असते. हे डबकं आहे." माझा जन्म इथला, वडील इथेच रेल्वेत होते, मी त्या तळ्याच्या काठाने शाळेत गेलेली. त्या दिवशीच हा माणूस माझ्या मनातून उतरला.

कार्यालय एका जुन्या शाळेच्या इमारतीत होतं. भिंतीवर फळासुद्धा तसाच होता. वडनेरकर पहिल्या दिवशी आले, कॉम्प्युटरसमोर बसले, माऊसची वायर उपटली, तिची नीट गुंडाळी केली आणि माऊस कॅलेंडरच्या खिळ्याला टांगून दिला. मग फळ्यावर खडूने एक लांबलचक ओळ लिहिली. इंग्रजी अक्षरं, रेघोट्या, कंस आणि पुन्हा कंस. लिहून झाल्यावर आमच्याकडे वळून म्हणाले, "हे वाचता येते त्यानंच या मशीनले हात लावायचा." ते कोणालाच वाचता येत नव्हतं, हे त्यांना आधीच माहीत होतं.

त्या ओळीचा अर्थ मला पुढे कळला. फोटो कापायचा, उजळ करायचा, लहान-मोठा करायचा एक प्रोग्रॅम त्यांनी भोपाळहून सीडीवर आणला होता. इतर माणसं असा प्रोग्रॅम उघडतात, फोटो समोर येतो, मग माऊसने कापाकापी करतात. वडनेरकर तो उघडतच नसत. काळ्या पडद्यावर ओळ टाइप करायचे, म्हणजे प्रोग्रॅमला हुकूम द्यायचे: खिडकी न उघडता चाल, या फोल्डरमधले सगळे फोटो घे, या मापाने काप, एवढा उजेड वाढव, त्याच नावाने परत ठेव, बाहेर पड. मग एंटर. आत काय चाललंय ते कोणाला दिसायचं नाही. थोड्या वेळाने पडद्यावर नुसती चौकोनी खूण लुकलुकायची. काम झालं.

याला सुरुवातीला कारण होतं, ते नाकारण्याइतकी मी दुष्ट नाही. वाटणीतले ते कॉम्प्युटर इतके दुबळे होते की प्रोग्रॅम नीट उघडायचा म्हटला तर आमचा चहा पिऊन व्हायचा. पण पुढे नवे कॉम्प्युटर आले. वडनेरकर जुनेच राहिले. गरज संपली आणि तिचा धर्म झाला.

रोज सकाळी ते प्रोग्रॅमच्या सेटिंगची फाइल उघडायचे आणि तिच्यातून काहीतरी छाटायचे. कामवालीवर खेकसावं तसे त्या फाइलवर खेकसायचे. उघडताना तो प्रोग्रॅम एक स्वागताचं चित्र दाखवतो म्हणे. "काहून? आपण काय बारातीत आलो?" ते बंद. प्रोग्रॅम आपले सगळे ब्रश मोजून घेतो. "ब्रश कायले पाहिजे? भिंत रंगवायची आहे का?" तेही बंद. एवढं करून वाचलेल्या वेळात ते काय करायचे, तर आम्ही किती वेळ वाया घालवतो ते सांगायचे.

आणि शेवटचा तो 'बाहेर पड'. तो लिहायचा राहिला तर प्रोग्रॅम काम संपवूनही आत बसून राहतो, दिसत नाही पण जागा अडवतो. वडनेरकरांना ही गोष्ट फार आवडायची. मुदतवाढ घेऊन चिकटलेला कोणी अधिकारी दिसला, की माझ्याकडे झुकून म्हणायचे, "याले बाहेर पड म्हणून लिहायचं राहिलं, बाई." हे मात्र मला हसू आणायचं. मी हसू दाखवलं नाही.

घरीही हेच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी त्यांच्याकडे गेले होते. निर्मलावहिनींनी तिळगूळ हातावर ठेवत सांगितलं, "ह्यांना दिवसाचे सगळे प्रश्न सकाळी एकदम विचारायचे असतात. मधात विचारलं तर ऐकूच येत नाही." मला वाटलं गंमत करतात. तेवढ्यात त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "अहो, पाव्हण्या आल्यात, चहा टाकू का तुमचाही?" आतून आवाज नाही. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "पाहा. हा सकाळच्यात नव्हता." मी बाई असून मला त्या क्षणी त्या माणसाच्या डोक्यात तिळगुळाचा डबा घालावासा वाटला.

एकदा संचालक साहेब स्वतः काम बघायला आले. सोबत दोन पाहुणे होते. राजधानीत नवं काय चाललंय ते त्यांना दाखवायचं होतं. वडनेरकरांनी ओळ टाइप केली, एंटर मारला, हाताची घडी घातली. काळा पडदा. सगळे वाकून बघत राहिले. थोड्या वेळाने वडनेरकर म्हणाले, "हो गया, सर."

"क्या हो गया?"

"सब फोटो."

"तो दिखाइए."

"देखने को कुछ नहीं है, सर. हो गया."

पाहुण्यांपैकी एक हसला. संचालक साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. ते गेल्यावर वडनेरकर मला म्हणाले, "यायले सिनेमा पाहिजे." माणूस नियमाने बरोबर असतो आणि तरी असह्य असतो, याचं इतकं चोख उदाहरण मी दुसरं पाहिलं नाही.

आता दुकलहीन दाईबद्दल सांगायला हवं. दुष्काळात जन्मलेल्या मुलीला इकडे दुकलहीन नाव ठेवतात, आणि दाई म्हणजे आई. आमच्या फाटकाशी टोपली घेऊन ती मुर्रा आणि भाजलेली फल्ली विकायची. मुर्रा म्हणजे आपले मुरमुरे, फल्ली म्हणजे शेंगा. पाठ इतकी वाकलेली की बसली की तिचा चेहरा गुडघ्यांच्याच उंचीला यायचा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. आम्हाला ती पावलांवरून ओळखायची. वडनेरकर रोज तिच्याकडून पुडी घ्यायचे, हात पुढे करून, तिच्याकडे न बघता. तीही त्यांच्याकडे न बघता पुडी ठेवायची. दोघांचं छान जमत होतं.

त्या साली आमच्या विभागाकडे डोळ्यांच्या मोफत ऑपरेशनची कार्डं बनवायचं काम आलं. कार्डावर फोटो हवा, फोटो नसेल तर शिबिराच्या दारातून परत. दाईचंही नाव लागलं. तेव्हापासून फाटकातून आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येकाला ती एकच गोष्ट सांगायची, "राजधानी बने हे कहिथें. मैं तो देखेच नइ हंव." सगळे म्हणतात राजधानी झाली, मी तर पाहिलीच नाही. मी तिला म्हटलं, "दाई, देखने जैसा कुछ है भी नहीं." ती म्हणाली, ते मीच पाहून ठरवीन.

पाऱ्यापाऱ्यातून, म्हणजे वस्त्यावस्त्यांतून, म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढून सीड्या यायला लागल्या. एक स्टूल, मागे भिंत, समोर ठरलेल्या अंतरावर कॅमेरा, असा नियम वडनेरकरांनी घालून दिला होता. आता फोटो कुठून कुठपर्यंत कापायचा याचं माप पाहिजे. त्यासाठी ते स्वतः स्टुलावर बसले. ताठ, हनुवटी वर, इस्त्रीचा शर्ट. त्यांचा फोटो काढला, आणि तेवढा एक फोटो त्यांनी पडद्यावर उघडून नीट पाहिला, त्यावरून आकडे घेतले, ओळीत घातले. या माणसाने कामासाठी निरखून पाहिलेला एकुलता एक चेहरा स्वतःचा होता, आणि साऱ्या जिल्ह्याने त्या मापात बसावं अशी त्याची अपेक्षा होती.

मी म्हटलं, "साहेब, चार-दोन उघडून तरी पाहा. म्हातारी माणसं आहेत."

"पाहणारा चुकते, बाई. पाहिलं की मन लागते, मन लागलं की हात थांबते. मशीनचं तसं नाही."

एंटर. काम झालं. फोटो छपाईला गेले, कार्डांवर प्लास्टिक चढलं, गठ्ठे बांधले गेले, लाखेचं सील लागलं. या सगळ्या वाटेवर माणसंच माणसं होती, आणि न बघता पुढे ढकलण्यात एकही वडनेरकरांपेक्षा कमी नव्हता.

शिबिराच्या दिवशी दुपारी दुकलहीन दाई भिंत चाचपत वर आली. एवढ्या वर्षांत ती कधी फाटकाच्या आत आली नव्हती. आवाजाच्या दिशेने वडनेरकरांच्या टेबलापर्यंत पोचली आणि कार्ड पुढे धरलं. "साहेब, डाक्टर कहिस, ए तो भिथिया के फोटो हरे."

डॉक्टर म्हणाला, हा तर भिंतीचा फोटो आहे. वडनेरकरांनी कार्ड घेतलं. मीही उठून पाहिलं. नाव बरोबर, पारा बरोबर, नवऱ्याचं नाव बरोबर. फोटोत राखाडी भिंत, आणि अगदी खाली पांढऱ्या केसांची एक कड. जी माणसं वडनेरकरांसारखी ताठ बसू शकत होती त्यांचे चेहरे आले होते. ज्यांच्या पाठी वाकलेल्या होत्या त्या सगळ्यांची भिंत आली होती.

"मूळ फोटो असतील ना?" मी विचारलं. पण विचारतानाच मला उत्तर माहीत होतं. 'त्याच नावाने परत ठेव.' कापलेला फोटो मूळ फोटोवरच जाऊन बसला होता, कारण जागा वाया घालवायची नाही. सीड्या पुसून पुन्हा गावोगाव गेल्या होत्या, कारण सीड्याही वाया घालवायच्या नाहीत. दोन्ही नियम कोणाचे ते सांगायला नको.

वडनेरकरांनी कार्ड दाईच्या हातात परत दिलं. मी वाट पाहत होते की आता तरी हा माणूस चुकलं म्हणेल. ते म्हणाले, "दाई, फोटो फिर से निकालना पड़ेगा." बस्स. दाई म्हणाली, "हव." आणि भिंत चाचपत खाली गेली. तोपर्यंत शिबिर आटोपून डॉक्टर निघून गेले होते. पुढचं शिबिर थेट होळीनंतर होतं. मला त्या दिवशी इतका संताप आला होता की मी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

पुढच्या आठवड्यापासून ते कार्यालयात दिसेनासे झाले. कॅमेरा घेऊन स्कूटरवर पाऱ्यापाऱ्यात फिरतायत असं ड्रायव्हरने सांगितलं. मी म्हटलं, फिरू दे, ऊन लागू दे थोडं. एका सकाळी मात्र मी फाटकाशी पोचले तेव्हा दाई तिच्या टोपलीमागे बसली होती आणि वडनेरकर तिच्यासमोर धुळीत गुडघे टेकून बसले होते. इस्त्रीची पँट, दोन्ही गुडघे मातीत. कॅमेरा तिच्या चेहऱ्याच्या उंचीला आणायला त्यांना चांगलंच वाकावं लागलं होतं. फोटो काढून झाल्यावर तिने विचारलं, "बने आइस?" चांगला आला का? त्यांनी कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यात पाहिलं आणि बघतच राहिले. "आया," म्हणाले.

होळीनंतर दाईचं ऑपरेशन झालं. उजव्या डोळ्याला दिसायला लागलं. डाव्याला नाही. डॉक्टरांनी सांगितलं, उशीर झाला, मागच्या शिबिरात आली असती तर कदाचित वाचला असता. हे वाक्य मी वडनेरकरांच्या टेबलापाशी उभी राहून, त्यांना नीट ऐकू जाईल असं, मोठ्याने सांगितलं. त्यांनी टाइप करणं थांबवलं नाही. पण पडद्यावर मी बघत होते. नुसतेच कंस उमटत होते.

पट्टी सुटल्यावर दाई पुन्हा फाटकाशी आली. उभी राहून तिने मान तिरकी करून एका डोळ्याने सगळा रस्ता पाहिला. आमच्या पहारेकऱ्याला विचारलं, "एही हरे राजधानी?" तो म्हणाला, हव. "धुर्रा तो ओतकेच हे," ती म्हणाली. धूळ तर तेवढीच आहे. मग हात पुढे करून उभ्या असलेल्या वडनेरकरांकडे तिने वर बघितलं आणि तिला हसूच आलं. "तैं तो डोकरा हस गा, साहेब!" अरे, तू तर म्हातारा आहेस. आवाजावरून तिला हा कोणी ताठ जवान माणूस वाटत असणार. वडनेरकरांनी पुडी घेतली आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिच्याकडे बघून घेतली.

त्यानंतर त्यांनी फळा पुसला. खिळ्यावरचा माऊस काढला, त्याच्यावरची धूळ रुमालाने पुसली. काही दिवस खाली मान घालून काहीतरी लिहीत बसले, आणि जे तयार झालं त्याने सगळ्या विभागाचा जीव नकोसा केला. आता प्रत्येक फोटो पडद्यावर उघडायचा. त्यावर कापायची चौकट दिसायची. चेहरा चौकटीत नसेल तर माऊसने चौकट ओढून चेहऱ्यावर आणायची आणि मग एंटर. एंटर दाबेपर्यंत प्रोग्रॅम जागचा हलायचा नाही. मूळ फोटो वेगळा राहायचा. चहाच्या वेळात होणारं काम आता दिवस दिवस चालायचं. संचालक साहेब ओरडले, जिल्ह्यांतून फोन आले, आमच्यातल्या प्रत्येकाने त्यांना शिव्या घातल्या, माझ्यासकट. कारण मात्र त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. चुकलो म्हणणं त्यांच्या सेटिंगमध्ये नव्हतंच.

एकदा मी टोचून विचारलं, "काहून हो साहेब, आता मन नाही लागत?"

"लागते," ते पडद्याकडे बघत म्हणाले. "म्हणूनच हळू होऊन राहिलं."

पुढे ते रिटायर झाले. शाल झाली, नारळ झाला, संचालक साहेबांनी त्यांना कधी ओळखतच नसल्यासारखं भाषण केलं. जागेवर ठेक्याने मनीष नावाचा ऑपरेटर आला. घरी मराठी, पण बोलणार हिंदीच. वडनेरकरांनी जाताना त्याला एवढंच सांगितलं, "फोटो देखके एंटर मारना." तो म्हणाला, "जी अंकल," आणि माझ्याकडे बघून डोळा मारला.

काही महिन्यांनी वडनेरकर आपलं रिटायर झालेल्यांचं कार्ड घ्यायला आले. मनीष कसली तरी केबल आणायला गोल बाजारात गेला होता. कॉम्प्युटर चालू होता. पडद्यावर म्हाताऱ्या माणसांचे चेहरे येत होते, जात होते, येत होते, जात होते, आणि समोरची खुर्ची रिकामी होती. वडनेरकर पुढे झाले. एंटरचं बटण दाबलेलंच राहावं म्हणून त्याच्या फटीत काडेपेटीचा पुठ्ठा घडी करून दाबून बसवलेला होता.

मला वाटलं, आता हा माणूस घर डोक्यावर घेणार. मला ते हवंही होतं. त्यांनी नखाने पुठ्ठा काढला आणि खिशात ठेवला. चेहरे थांबले. पडद्यावर एक म्हातारा होता, अर्धी हनुवटी चौकटीबाहेर. वडनेरकरांनी खुर्ची ओढली आणि बसले.

मनीष परत आला, पाहिलं आणि म्हणाला, "अंकल, आप क्यों परेशान हो रहे हैं? वो तो अपने आप हो जाता है."

"मालूम है," वडनेरकर म्हणाले. "मैंने ही सिखाया था उसको."

पाच वाजले. मनीष गेला. पहारेकरी किल्ल्या वाजवत दारात येऊन उभा राहिला. आता त्यांना बाहेर पडा म्हणून सांगायचं काम माझ्यावर होतं, आणि मला एवढ्या वर्षांचं उट्टं काढायला याहून चांगली संधी मिळणार नव्हती. मी पर्स उचलली, त्यांच्या खुर्चीमागे गेले आणि म्हटलं, "साहेब, चला आता."

त्यांनी मान न वळवता डावा हात वर केला, थांबा म्हणून. उजवा हात माऊसवर होता. पडद्यावर एक वाकलेली बाई होती, नुसती केसांची कड दिसत होती, आणि ते चौकट हळूहळू खाली ओढत होते.